पूजेतलं हँडल

"मॅडम, हँडलला फूल राहिलं," इस्माईलचाचा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच एक झेंडू त्या लोखंडी हँडलवर ठेवला.

नऊ वर्षांपूर्वीची खंडेनवमी. बोरजाई धरणाच्या नियंत्रण कक्षात आम्ही तिघंच होतो. मी, उज्ज्वला भिसे, शाखा अभियंता. पॅनेलवर बसणारे कोळेकर. आणि फिटर इस्माईल मुजावर, ज्यांना अख्खं धरण चाचा म्हणायचं. टेबलावर लाल कापड, त्यावर पाने, पकडी, ग्रीसगन, टॉर्च आणि मधोमध ते हँडल. मागे कॉम्प्युटरचा मोठा पडदा, त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ. पडद्यावर धरणाचे पाच दरवाजे पाच चौकोनांत दिसायचे. हिरवा चौकोन म्हणजे दरवाजा बंद, लाल म्हणजे उघडा. पाचही हिरवे होते. धरण काठोकाठ भरलेलं होतं.

दरवाजे कॉम्प्युटरवर येऊन दोन वर्षं झाली होती. बटण दाबलं की मोटर फिरणार आणि दरवाजा वर. तालुक्याच्या ऑफिसात बसूनही उघडता येईल अशी सोय. त्याआधी वीज गेली की दरवाजा खाली घ्यायला हे हँडल लागायचं. नवी यंत्रणा आल्यावर मी भंगाराची यादी केली, त्यात हे हँडल घातलं आणि खाली ऐटीत सही ठोकली. चाचांनी ते भंगारातून उचलून आणलं. "पूजेला लागतंय," एवढंच म्हणाले. पण त्यांचं नुसतं पूजेवर भागायचं नाही. दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते हँडल पाचही दरवाजांच्या गिअरला लावून उलटसुलट फिरवून बघायचे, तेल घालायचे आणि मगच टेबलावर आणायचे.

"जे हत्यार फिरत न्हाई त्याची पूजा करायची म्हंजी देवाला फसवायचं," असं त्यांचं म्हणणं.

मी चिडवायची, "चाचा, रिटायर झालात की घेऊन जा हे. तुमच्या पेरूच्या बागेत पुरा." ते हसायचे. रिटायर व्हायला त्यांचे तीन महिने उरले होते.

आरती झाली, कोळेकरांनी नारळ फोडला. खोबरं वाटता वाटता ते म्हणाले, "मॅडम, यंदा फोटो न्हाई? गेल्या वर्षी काय झकास आला हुता."

गेल्या वर्षी पूजेचा फोटो तालुक्याच्या साप्ताहिकात छापून आला होता. माळ पडद्यावर आडवी आली होती, ती बाजूला सारून, पडदा स्वच्छ दिसेल असा काढलेला. खाली ओळ होती, 'आधुनिक धरण, पारंपरिक पूजा'. आमच्या उपविभागाच्या निकम साहेबांनी तो मोबाइलवर शंभर जणांना पाठवला होता.

मी दाराकडे बोट केलं. तिथे नवी पाटी होती: फोटो काढण्यास सक्त मनाई. ती परुळेकरबाईंची कृपा.

अश्लेषा परुळेकर पुण्याहून यायच्या. सरकारी यंत्रणांत बाहेरचं कुणी शिरू नये म्हणून नेमलेल्या कक्षात त्या होत्या. बारीक चणीच्या, चहा न पिणाऱ्या, सतत कुणीतरी पाठीमागे उभं आहे अशा थाटात बोलणाऱ्या. जानेवारीत आल्या तेव्हा पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी त्यांनी मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत धरून काढली.

"हे काय आहे?"

"शिफ्टवाल्यांच्या लक्षात राहत नाही, मॅडम," मी म्हणाले.

"पासवर्ड बदला. आजच्या आज."

"तो अधिकार वरच्या ऑफिसचा. मी पत्र पाठवते."

पत्र मी खरंच पाठवलं. ते वरच्या ऑफिसात पोचलं आणि तिथेच झोपलं. फोटो काढू नका असं परिपत्रक आधीपासून होतं म्हणे. बाईंनी ते फायलीतून शोधून दाराला पाटीच लावून घेतली. जाताना मला म्हणाल्या, "भिसे, मी दिवसभर दारं ढकलून बघते, नीट लागलीत का. पलीकडे कुणीतरी तेच करत असतं. मला सगळी बघावी लागतात. त्याला एक पुरतं." मला वाटलं, बाई जरा नाटकीच आहे. बोरजाईच्या धरणात कुणाला रस असणार?

त्या सकाळी घरून निघताना जुईने माझी पाठ सोडली नव्हती. जुई माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. धरणाखाली तीन किलोमीटरवर पिंपळठाव, तिथे आम्ही राहायचो. खंडेनवमीला सगळं गाव ट्रॅक्टर, मोटारसायकली, बैल घेऊन नदीत उतरतं. नदीला घोट्याएवढं पाणी, मोठमोठे सपाट दगड. संपत, माझा नवरा, थोरल्या दिरांचा ट्रॅक्टर धुवायला नेणार होता आणि जुई त्याच्याबरोबर. "आई, मी ट्रॅक्टरला माझा शाम्पू लावणार!" मी बाटली लपवून ठेवली आणि कामावर आले.

पावणेदहा झाले असतील. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि माझी नजर कलशावर गेली. कलशातलं पाणी थरथरत होतं. बारीक बारीक वर्तुळं उठत होती.

चाचांनी हातातली वाटी खाली ठेवली. "दरवाजा कोण उचलतंय?"

कोळेकरांनी पडद्याकडे पाहिलं. "कोण न्हाई. पाचही बंद हाईत की, चाचा. हिरवं दिसतंय."

"त्यो पडदा काय म्हणतो ते मला सांगू नगंस. कान लाव."

मी कान लावला. लांबून दगडांवरून गाडं ओढत न्यावं तसा आवाज येत होता. दरवाजा उघडण्याआधी तीनदा भोंगा वाजलाच पाहिजे असा नियम. भोंगा वाजला नव्हता. आम्ही बाहेर पळालो, दरवाज्यांवरच्या पुलावर आलो, आणि मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. एक नंबरच्या दरवाज्याखालून पांढरंशुभ्र पाणी उसळत बाहेर पडत होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते वाढत होतं. मोटर घुरघुरत होती. कुणीही बटण दाबलं नव्हतं.

मी परत आत धावले. पडद्यावर पाच हिरवे चौकोन, वर झेंडूची माळ, सगळं शांत. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. समोरचा पडदा मला तोंडावर खोटं सांगत होता आणि इतके दिवस मी त्याच्याकडे पाहूनच धरण सांभाळत होते.

कोळेकर बंदचं बटण दाबत होते. पुन्हा पुन्हा दाबत होते. "ऐकत न्हाई, मॅडम. भोंगाबी वाजंना."

भोंगाही त्याच यंत्रणेवर होता. मी परुळेकरबाईंना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"एक नंबर आपोआप उघडतोय. पडद्यावर बंद दाखवतोय."

"थांबा." पलीकडे कळफलकाचा खडखडाट. मग त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. "भिसे, आत्ता तुमच्या टेबलावर कुणी बसलंय?"

"कोळेकर. पण ते फक्त बंद करायला बघतायत."

"तुमच्याच नावाने, तुमच्याच पासवर्डने आणखी कुणीतरी आत आहे. हुकूम तो देतोय. तुम्हाला जे दिसतंय तेही तोच दाखवतोय. काढते मी त्याला." पुन्हा खडखडाट. "काढला. बघा बाहेर."

मी दारातून ओरडले, "चाचा, थांबला का?"

"थांबला!" पुलावरून चाचा ओरडले.

मी भिंतीला टेकून श्वास घेतला. तो पुरता बाहेर पडायच्या आत चाचांचा आवाज आला, "मॅडम! आता दोन नंबर!"

"बाई, दुसरा सुरू झाला."

"परत आला. दुसऱ्या वाटेने." परुळेकरबाई भराभर बोलत होत्या, माझ्याशी कमी, स्वतःशीच जास्त. "ही वाट बंद केली... अरे! ते दोघे आहेत. एकाला मी बाहेर काढते तोवर दुसरा त्याला दार उघडून देतो. भिसे, एक नंबर?"

"पुन्हा सुरू झालाय."

"माझ्याशी खेळतायत ते. ऐका. मला ही सगळी दारं लावायला तासभर लागेल. तुमच्याकडे तास आहे?"

पाण्याला पिंपळठावला पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हे मी स्वतः कागदावर मांडलेलं गणित होतं, पूरनियंत्रणाच्या फायलीत माझ्या सहीचं. मला जुई दिसली, दगडावर उभी, हातात ब्रश. 

"नाही," मी म्हणाले. "माझी मुलगी नदीत आहे."

 मग त्या म्हणाल्या, "वीज तोडा. धरणाची सगळी वीज. माझाही संबंध तुटेल, त्यांचाही तुटेल."

"वीज गेली तर दरवाजे आहेत तिथेच अडकतील. खाली येणार नाहीत."

"वर तरी जाणार नाहीत. तोडा!"

आणि इथे मी जे केलं ते सांगायची मला आजही लाज वाटते. मी निकम साहेबांना फोन लावला. भरल्या धरणाची वीज तोडायची तर उपविभागीय अभियंत्याचा आदेश लागतो, असं माझ्या हाडीमाशी खिळलेलं होतं. साहेब पूजेला गावी गेले होते. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता...' मी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. माझी पोर नदीत होती आणि मी परवानगी मागत होते.

"मॅडम, तुम्ही फोन लावत बसा," चाचा माझ्या शेजारून जाताना म्हणाले. त्यात राग नव्हता. ते थेट मेन स्विचपाशी गेले आणि दोन्ही हातांनी तो खाली ओढला.

पंखा थांबला. मोटारींची घुरघुर थांबली. पडदा विझला, आणि विझेपर्यंत हिरवाच होता. बाहेर फक्त पाण्याचा आवाज राहिला. एक नंबर चार फूट उघडा होता, दोन नंबर दोन फूट.

मी संपतला फोन लावला. बराच वेळ रिंग जाऊन एका बाईने उचलला. मागे नवरात्र मंडळाचा स्पीकर फुल आवाजात.

"हॅलो! संपतराव कुठे आहेत?"

"भाऊ व्हय? भाऊ पाण्यात हाईत. त्यांचा शर्ट हितं काठावर हाय, त्यात वाजला म्हून घेतला."

"त्यांना बाहेर बोलवा! सगळ्यांना बाहेर काढा! पाणी सुटलंय!"

"आँ? काय सुटलंय?"

"पाणी! धरणाचं पाणी!"

"ऐकू येत न्हाई ओ. मागनं लावा." आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तो कुणी उचललाच नाही. गावातल्या आणखी दोघांना लावला. सणाच्या दिवशी कुणाच्या हाती फोन नव्हता.

"कोळेकर, मोटारसायकल काढा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "पहिले तो स्पीकर बंद करा आणि त्याच माइकवरून ओरडा. जा!" कोळेकर जिना उतरून पळाले सुद्धा.

मी वळले तर चाचांनी टेबलावरून हँडल उचललं होतं. झेंडू घरंगळून जमिनीवर पडला.

"चाचा, ते पूजेतलं..." माझ्या तोंडून नकळत गेलं. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याआधी हलवायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं.

"पूजा कशासाठी केली मग?" चाचा म्हणाले. "चला. एकट्याच्यानं फिरायचं न्हाई ते."

हँडल एक, दरवाजे दोन. आधी एक नंबर, कारण तो जास्त उघडा. चाचांनी ब्रेक सोडला, हँडल गिअरमध्ये बसवलं. एका बाजूला ते, एका बाजूला मी. पहिला फेरा इतका जड होता की मला वाटलं, हे होणारच नाही. दुसरा जरा हलका. काल घातलेल्या तेलाचा वास येत होता. दहा फेऱ्यांत दरवाजा जेमतेम दोन बोटं खाली येत होता.

"चाचा, माझी जुई..."

"मोजा," चाचा म्हणाले. "फेरे मोजा, मॅडम. मोजत ऱ्हायलं की भ्यायला टाइम मिळत न्हाई."

मी मोजू लागले. एक, दोन, तीन. साठाच्या पुढे हाताला फोड आला. शंभराला तो फुटला. चाचांचा चेहरा राखेसारखा झाला होता, वय सत्तावन्न पूर्ण, पण हँडल थांबलं नाही. पायाखाली पूल थरथरत होता. दर फेऱ्याला पाण्याचा आवाज तसाच वाटायचा. मी रडत होते आणि मोजत होते, दोन्ही एकाच तोंडाने. एकशे ऐंशी. एकशे नव्वद. दोनशेच्या पुढे कधीतरी आवाज बारीक झाला. दोनशे चाळीसला दरवाजा खाली टेकला.

तेवढ्यात फोन वाजला. संपतचा नंबर. माझ्या हाताचे फोड फुटले होते, फोन चाचांनीच माझ्या कानाला धरला.

"उज्ज्वला!" संपत धापा टाकत होता. "आम्ही वर आहे. जुई वर आहे. कोळेकर आले, माइकवर ओरडले, आम्ही पळालो, पण ही शाम्पूची बाटली आणायला परत फिरली. घेऊन आलेली कुठून कुणास ठाऊक. मी गेलो मागे. पाणी एकदम कमरेपर्यंत आलं गं. आता पाय सुटणार असं वाटलं. आणि तिथंच थांबलं. मग उतरायला लागलं."

 मी पुलावर बसले. पलीकडून जुईचं भोकाड ऐकू येत होतं. आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकला नाही.

"मॅडम," चाचा म्हणाले, "दोन नंबर ऱ्हायलाय."

मी उठले.

त्या दिवशी दोन ट्रॅक्टर उलटले, सहा मोटारसायकली वाहून गेल्या. माणूस एकही गेलं नाही. आत कोण शिरलं होतं हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. परुळेकरबाई नुसतं म्हणाल्या, "दुसऱ्या देशात असतील, नाहीतर शेजारच्या तालुक्यात. वर्षभर ते आत होते, भिसे. फक्त बघत होते. धरण भरायची वाट बघत होते."

पंधरा दिवसांनी विश्रामगृहावर चौकशी बसली. दोन मोठे अधिकारी, निकम साहेब, परुळेकरबाई आणि आम्ही तिघं. अधिकाऱ्यांनी टेबलावर एक कागद सरकवला. साप्ताहिकातला तो फोटो, मोठा करून छापलेला. लाल कापड, हँडल, पडदा. आणि पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. जानेवारीत बाईंनी चिठ्ठी काढली, पण तोपर्यंत फोटो तीन महिने गावभर फिरत होता, आणि पासवर्ड तोच राहिला होता.

"पासवर्ड का बदलला नाही ते वरच्या ऑफिसला विचारू," अधिकारी म्हणाले, आणि ते कधीच विचारणार नाहीत हे त्यांच्या आवाजातच होतं. "पण परिपत्रक असताना हा फोटो कुणी काढला?"



माळ मी बाजूला सारली होती. पडदा नीट दिसावा म्हणून. चिठ्ठी त्या माळेमागेच झाकलेली होती. मी चार पावलं मागे गेले, दोन फोटो काढले, चांगला निवडला आणि कोळेकरांना पाठवला. कोळेकरांनी तो साप्ताहिकाला दिला. ते आता खिडकीबाहेर पाहत होते.

मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण पुलावरची भीती काहीच नव्हती असं वाटावं अशी भीती मला वाटली. नोकरी जाईल. गाव म्हणेल, हिनेच आमच्यावर पाणी सोडलं. जुईला शाळेत म्हणतील, तुझ्या आईने.

"मी काढला, साहेब," चाचा म्हणाले.

अधिकाऱ्यांनी मान वर केली. त्यांना नाव मिळालं होतं. "कशाने काढलात?" असं त्यांनी विचारलं नाही. लिहून घेतलं. चाचांच्या खिशातून बटणांचा जुना फोन डोकावत होता, रबरबँड लावलेला. त्याला कॅमेराच नव्हता. परुळेकरबाईंनी तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी जमिनीकडे पाहत राहिले.

बाहेर आल्यावर मी चाचांना गाठलं. "का बोललात?"

"माझं तीन म्हैनं. तुमची तीस वर्सं," ते म्हणाले. "आन् पोर ल्हान हाय."

"मी आत जाऊन सांगते."

"सांगा की," चाचा म्हणाले आणि थांबले. ते खरंच थांबले, दोन मिनिटं तरी. मी हलले नाही. मग त्यांनी सायकल काढली.

शेवटचे तीन महिने चाचा निलंबित राहिले. पोलिसांनी दोन दिवस नेऊन बसवलं. शाल नाही, नारळ नाही, निरोपाचं भाषण नाही; पस्तीस वर्षांनी एक कागद घरी आला. ते तरी एक वेळ चाललं असतं. पण गावाला नुसतं नाव पुरलं. मुजावराने आतून माहिती दिली, असं चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं. दरवाजे कुणी बंद केले ते लोक विसरले. दसऱ्याला सगळं गाव देवळापाशी जमून एकमेकांना सोनं देतं, आपट्याची पानं. चाचा दरवर्षी यायचे, पहिलं पान पाटलांच्या हातात द्यायचे. पुढच्या वर्षापासून ते आले नाहीत. कुणी बोलवायलाही गेलं नाही.

मी मात्र जायची. दसऱ्याला, ईदला, गुपचूप, दुसऱ्याच कामाला निघाल्यासारखी. शीरखुर्मा खायची, पेरू घेऊन यायची. चाचांनी तो विषय एकदाही काढला नाही. मला बढती मिळाली. हँडल अजून दर खंडेनवमीला पूजेत असतं, आणि आदल्या दिवशी ते मी स्वतः फिरवून बघते. एवढं केलं की आपण फार काही केलं असं मला वाटायचं.

यंदा दसऱ्याला मला ताप होता. जुईला म्हटलं, चाचांना सोनं देऊन ये. जुई आता पंधरा वर्षांची आहे. संध्याकाळी परत आली ती दारातच उभी राहिली.

"आई, मी चाचांबरोबर फोटो काढला. म्हटलं, तुमच्या फोनवर पाठवते. ते म्हणाले, माझ्या फोनला फोटो दिसत नाही, काढताही येत नाही." तिने फोटो माझ्यासमोर धरला. "म्हणाले, पंधरा वर्षं हाच फोन आहे."

मी अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं.

"मग तो फोटो कुणी काढला होता?"

कमरेएवढ्या पाण्यातून वाचलेली पोर माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर माहीत होतं. ते तिला माझ्या तोंडून हवं होतं. खोटं बोलायची मला नऊ वर्षांची सवय होती, पण नेमक्या त्या वेळी ती कामाला आली नाही.

"मी," मी म्हणाले.

जुई रडली नाही, ओरडली नाही. तिने कोपऱ्यातल्या माझ्या चपला उचलल्या आणि उंबऱ्यापाशी, तोंडं बाहेर करून, मांडल्या.

"सगळं गाव आत्ता देवळापाशी आहे," ती म्हणाली. "मी चाचांना घेऊन येते. तू पुढे हो."

देवळाकडून ढोल ऐकू येत होता. मी चपलांत पाय घातले.  घर ते देऊळ फार लांब नाही. मी उंबरा ओलांडला आणि पावलं मोजायला लागले. एक, दोन, तीन.